वाचणाऱ्या बाईचे मालक

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसायला जागा नव्हती, म्हणून संपतनं भिंतीला टेकूनच "एक चहा, साखर कमी" असा आवाज दिला, आणि बाकावरचा एक पागोटेवाला चटकन वळून बघू लागला. संपतला हे नवीन नव्हतं. भोकरदनात आणि आजूबाजूच्या खेड्यांत त्याचा चेहरा कधी न बघितलेली माणसंही त्याच्या आवाजाला वळायची. सिनेमाच्या जाहिरातीच्या जीपवरच्या भोंग्यातून येणारा तो आवाज पीठगिरणीच्या रांगेत, दवाखान्याच्या पायरीवर, कुठंही पकडला जायचा, आणि मग समोरच्याच्या तोंडावर ओळख पटल्याचं हसू यायचं. त्या हसण्याची संपतला सवय लागली होती, खरं सांगायचं तर चटकच लागली होती. आताही तो मनातल्या मनात सावरून उभा राहिला. पागोटेवाला उठला, धोतराच्या सोग्यानं बाकावरची जागा पुसली आणि फार अदबीनं म्हणाला, "बसा ना. म्या केदारखेड्याचा. तुम्ही त्या वाचणाऱ्या बाईचे मालक न्हाई का?"

"हाव," संपत म्हणाला. म्हणावंच लागलं, कारण सत्यशीला त्याची बायकोच होती. तो पुसलेल्या जागेवर बसला. पागोटेवाला सांगत होता की बाईंचं वाचणं ऐकायला त्याच्या घरच्या सगळ्या बाया बैलगाडीनं आल्त्या, म्हातारी आईसुद्धा आल्ती, आणि तिला दिसत न्हाई तरी ती रडली. संपत हसत होता. हसताना त्याचे गाल दुखत होते. चहा आला, त्यात साखर बरोबर कमी होती, आणि तरी त्यानं कप तसाच बाजूला सारला. मी कोण, असं विचारावं का या माणसाला? तुझ्या घरच्या बायांना गाडी जुंपायला कोणी लावलं? चिंचेखाली जीप उभी करून ऊर फुटेस्तोवर ओरडलं कोण? पण असं कोणी विचारत नाही. आपल्याच बायकोचं कौतुक ऐकून तोंडात मारल्यासारखं वाटतं, हे कोणाला सांगणार? लोक म्हणतील, काय माणूस आहे. आणि लोकांचं काही चुकणार नाही.

काकासाहेबांचा सिनेमाचा तंबू दरवर्षी सुगी आटपली की बाजारतळावर पडायचा. यंदा तंबू पडला आणि आवाजाचं मशीनच जळालं. दुरुस्तीला औरंगाबादला गेलेलं मशीन परत येईना. तेवढ्यात पुण्याकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओच्या म्हाताऱ्या मालकानं गोदामातले जुने मूकपट झाडूनपुसून बाहेर काढले होते, ते काकासाहेबांनी दर शुक्रवारी नवा एक, आणि तोच आठवडाभर रोज रात्री, असे ठरवून टाकले. तालुक्यात हसं झालं. मुके सिनेमे कोण बघणार, इथं गाण्याशिवाय बारसं होत नाही. काकासाहेबांनी संपतला तंबूत बोलावून खांद्यावर हात ठेवला होता. "संपत, सिनेमे मुके हायेत. आता सगळं तुह्या तोंडावर हाय." जमीनदाराच्या घरच्या माणसानं आपल्या खांद्यावर हात ठेवून असं म्हणावं, हे संपतला पुढं कितीतरी दिवस पुरलं. अंगात शर्ट घालताना खांद्याची ती जागा त्याला वेगळी जाणवायची.

आणि त्यानं ते पेललं होतं. बोलपटाचं एक बरं असतं, गाणी आधीच रेडिओवर वाजून गेलेली असतात, भोंग्यावर नावं ओरडली तरी भागतं. या मूकपटांबद्दल कोणालाच काही ठाऊक नव्हतं, संपतलाही नव्हतं. स्टुडिओकडून एस.टी.च्या पार्सलनं एक पोस्टर आणि थोडे फोटो यायचे, गोष्टीचा एक कागद नाही. रिळं यायची ती थेट शुक्रवारी दुपारी, तेव्हा संपत जीपमध्ये बसून कधीच गावोगाव निघालेला असायचा. मग तो फोटो बघायचा आणि गोष्ट रचायचा. या आठवड्याच्या खेळाला विहिरीच्या काठावर उभी असलेली एक बाई, एवढा एक फोटो आणि पोस्टरवरचं नाव, यावर त्यानं अख्खी गोष्ट उभी केली होती. सासरच्यांनी गांजलेली सुभद्रा, मध्यरात्र, विहीर, आणि मग? "मग काय होतं, माझ्या आयाबहिणींनो? सुभद्रा मरत नाही! सासरच्यांच्या नाकावर टिच्चून माहेरी जाते! आज रात्री या आणि डोळ्यांनी बघा!" का कोण जाणे, पण तिला मारावंसं त्याला वाटलं नव्हतं. मागं एकदा एका बोलपटासाठी त्यानं धावड्यात वाघाशी झुंज सांगितली होती आणि सिनेमात वाघ निघालाच नव्हता, तेव्हा पुढच्या फेरीला तिथल्या लोकांनी जीपवर ढेकळं मारली होती. भोंगेवाल्याचा शब्द खाली पडला की असं होतं. या मूकपटांच्या वेळी मात्र एक ढेकूळ आलं नाही. संपतला वाटत होतं, आपल्याला आता फोटोतल्या माणसांच्या मनातलंही कळायला लागलं आहे. त्या भरवशावर तो चांगला झोपायचा.

सत्यशीलेचं वाचणं सुरू झालं ते द्वारकाबाईमुळं. तंबूच्या मधोमध कनात, अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. पडद्यावर माणसं तोंडं हलवायची आणि मग काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी यायची, ती वाचता येणाऱ्या बायका पलीकडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेजारच्या द्वारकाबाईनं पहिल्याच खेळाला विचारलं, "काय लिव्हलंय गं?" सत्यशीला सातवी शिकलेली, तिनं हळूच वाचून दाखवलं. मागच्या रांगेतून आवाज आला, मोठ्यानं वाच. मग कनातीच्या अलीकडचे पुरुषही, ज्या थोड्यांना वाचता यायचं तेही, अक्षरं जुळवायचं सोडून तिचंच ऐकू लागले. आता काकासाहेबांनी तिला कनातीला लागून एक स्टूल दिलं होतं. खेळ सुरू झाला की संपतचं काम संपायचं, तो गेटवरून उठून चहाला जायचा, सिनेमा बघायला कधी थांबायचा नाही. आधी पडदा बघून घेतला तर पुढची गोष्ट रचताना तोंड अडखळेल, अशी त्याची एक समजूत होती. त्यामुळं बायकोचं वाचणं त्यानं कधी नीट ऐकलंच नव्हतं. ऐकलं होतं ते फक्त तिच्याबद्दल.

आणि परवा काकासाहेब म्हणाले होते, "संपत, म्या काय म्हन्तो, हा शुक्रवार झाला की बाईंनाच भोंग्यावर बसवू. बाईमाणसाचा आवाज म्हटल्यावर बाया जल्दी घराभाईर निघत्यात. तू बस की संगं, पोस्टरं चिटकवायला कोनीतरी लागतंच. घरी विचार अन् शुक्रवारी खेळ सुटल्यावर सांग." हे काकासाहेबांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की संपतही तितक्याच साधेपणानं मान हलवून आला. पोस्टरं चिटकवायला. त्यानं घरी काही विचारलं नाही. दोन वेळा सत्यशीला भाकरी थापत असताना तो चुलीपाशी जाऊन बसला आणि दोन्ही वेळा पीठ सरलंय का, असलं काहीतरी विचारून उठला. ती हो म्हणेल याची त्याला भीती होती, आणि तिनं का म्हणू नये याचं एकही कारण सापडत नव्हतं. भोंगा नसेल तर संपत म्हणजे कोण, याचं उत्तर हॉटेलातल्या त्या पागोटेवाल्यानं आज देऊन टाकलं होतं.

या सगळ्याच्या तळाशी भिवा होता, संपतचा बाप. भिवाच्या बापानं, आज्यानं गावात दवंडी पिटली होती. भिवानंही पिटली, गल्लीगल्लीतून, "ऐका हो ऐका" करत, आणि त्याबद्दल दारोदार हात पसरून भाकरी घेतली. छप्पन्न साली दीक्षा घेतली त्या आठवड्यात त्यानं हलगी पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि मागं न बघता घरी आला. संपत तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता, बापाच्या मागं चालत होता, आणि त्या पाठीकडं बघून त्याला वाटलं होतं की इतका उंच माणूस आपण कधी बघितला नाही. पुढं संपतनं भोंगा धरला तेव्हा त्याच बापानं त्याच्याकडं पाठ फिरवली. "आम्ही दवंडी सोडली, अन् तू तीच मशीनवर लावली." पँट-शर्ट, पगार, जीपमध्ये पुढची सीट, काकासाहेबांच्या बरोबरीनं चहा, संपतनं सगळं सांगून बघितलं. भिवानं ऐकलं नाही. संपतचा आवाज गल्लीत आला की म्हातारा आत जाऊन बसायचा. आणि हाच म्हातारा गेल्या आठवड्यात धुतलेली टोपी घालून तंबूत येऊन बसला होता, पहिल्या रांगेत, सून वाचते म्हणून. खेळ सुटल्यावर लोकांना सांगत होता, "माही सून हाय. बिलकुल अडखळत न्हाई." संपत गेटवर होता. बाप त्याच्या समोरून गेला, डोळे पुसत.

हॉटेलातून उठल्यावर संपत त्या गुरुवारी घरी गेला नाही. संध्याकाळी खेळ सुरू झाला, गेट बंद झालं, आणि तो चहाला न जाता तंबूच्या मागच्या अंधारात, सिनेमा दाखवायच्या मशीनच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बघू या तरी, असं स्वतःला म्हणाला. खरं तर ती कुठं चुकते का, हे त्याला ऐकायचं होतं. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा होत्या आणि त्या रेघांमधून सुभद्रा विहिरीकडं चालत होती. फोटोतल्यापेक्षा लहान वाटत होती, पोरच होती. ती काठावर उभी राहिली, पदर उडाला, आणि काळ्यावर अक्षरं आली. संपत चौथीपर्यंत शिकलेला, एकेक अक्षर जुळवत वाचायचा. 'अखेर सुभद्रेने विहिरीस जवळ केले. कुळाची अब्रू राहिली.' त्यानं ते संपवलं नाही तोच कनातीपलीकडून सत्यशीलेचा आवाज आला, शांत, स्वच्छ, न अडखळता. "सुभद्रेनं विहिरीत वाकून बघितलं. पाण्यात तिला तिचं माहेर दिसलं. ती मागं फिरली, आणि सासरच्यांच्या नाकावर टिच्चून रातोरात माहेरी गेली."

बायकांमधून हुंकार आला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर सासू रडत होती, नवरा डोकं आपटत होता, आणि सून निघून गेली म्हणून ती रडताहेत हे सगळ्या तंबूला पटत होतं. संपतनं पुढची पाटी वाचली, तीही वेगळी होती, आणि सत्यशीला तीही वळवत होती, संपतच्या गोष्टीकडं. म्हणजे फोटोतल्या माणसांच्या मनातलं त्याला काही कळत नव्हतं. दर शुक्रवारी त्याचा शब्द खाली पडत होता आणि ती तो खाली पडायच्या आत झेलत होती. अंधारात, कोणाला न कळता, त्यालाही न कळता. दर शुक्रवारी जीपची शेवटची फेरी घरावरून जायची तेव्हा ती हातातलं काम टाकून दारात उभी असायची. त्याला वाटायचं, नवऱ्याचा आवाज ऐकून तिला भरून येतं. ती काय सांगितलंय ते ऐकून घेत होती.

दुसऱ्या कोणाला यावर रडू आलं असतं. संपतच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला आवाज मिळाला, स्टूल मिळालं, त्याचा बाप मिळाला, आणि त्याच्याजवळ जे उरलं होतं, आपलं सांगणं खरं ठरतं हा एवढासा विश्वास, तोही तिनंच दिलेला निघाला. ती कधी काही बोलली का? एकदाही नाही. बोलली असती तर भांडता आलं असतं. चांगुलपणाशी कसं भांडायचं? घरी आल्यावर तिनं ताट वाढलं, गरम भाकरीवर मिरचीचा ठेचा ठेवला आणि विचारलं, "आज उशीर झाला?" तो म्हणाला, "हाव." त्याला तिचा हेवा वाटत होता, इतका की तिच्या हातातल्या बांगड्यांचा आवाजही सहन होईना. पुढच्या खेळाचे फोटो उशाशी होते. उंच बुरुजावर उभी असलेली एक राणी, पायाशी कोणी राजा बसलेला, मागं धूर. राणी सरळ बघणाऱ्याकडं तोंड करून होती आणि तिचे ओठ किंचित उघडे होते. संपत बराच वेळ त्या ओठांकडं बघत राहिला.

शुक्रवारी त्यानं केदारखेड्यात चिंचेखाली जीप उभी करायला सांगितली, माईकमध्ये फुंकर मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरवून, थंड डोक्यानं, खोटं सांगितलं. "ऐका! आजवर तुम्ही मुके सिनेमे बघितले. आज रात्री नवल घडणार आहे. शेवटच्या रिळात, बुरुजावर उभी राहून, राणी तुमच्याशी बोलणार! स्वतःच्या तोंडानं बोलणार! मुका सिनेमा बोलणार!" ड्रायव्हर पुंजारामनं वळून बघितलं. "संपतभाऊ, मशीन आलं का काय औरंगाबादहून?" "न्हाई आलं," संपत म्हणाला, "तू गाडी चालव." धावड्यात त्यानं हेच सांगितलं, ढेकळं मारणाऱ्या धावड्यात, जरा जास्तच रंगवून. नुसती पाटी वळवायची असती तर तिनं वळवली असती. आता काय वाचशील, कुठून आणशील आवाज? लोक चिडतील, संपतला शिव्या देतील, देऊ देत. पण त्याआधी क्षणभर सगळा तंबू कनातीकडं बघेल आणि ती गप्प असेल. तो एक क्षण त्याला हवा होता. शेवटच्या फेरीला घर आलं. ती दारात होती, हातात झाडू. त्यानं तिच्याकडं न बघता तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

तंबू इतका भरला की मागची कनात सोडावी लागली. संपत मशीनपाशी उभा राहिला. शेजारच्या खांबाला धरून भिवा उभा होता, आज उशिरा आल्यामुळं त्याला पुढं जागा मिळाली नव्हती. सत्यशीला वाचत होती, आणि आज ती जसं लिहिलं होतं तसंच वाचत होती, संपत प्रत्येक पाटी जुळवून बघत होता. राजाला स्वतःच्याच राणीबद्दल संशय येतो, तिचं प्रजेत नाव होतं ते त्याला बघवत नाही, तो तिला किल्ल्यात कोंडतो. ही गोष्ट कोणी लिहिली, असं त्याच्या मनात येऊन गेलं. शेवटचं रीळ लागलं. राजा हरून परत येतो, राणीच्या पायाशी बसतो. मागं किल्ला जळत असतो. राणी वळते, सगळ्या तंबूकडं तोंड करते, तिचे ओठ उघडतात. आणि पाटी येत नाही. पाटीच नव्हती. राणी नुसती बघत होती, ओठ हलत होते आणि मशीनची घरघर ऐकू येत होती. पलीकडून कोणी बाई म्हणाली, "बोल की गं माय." कोणी हसलं. पुरुषांमध्ये चुळबुळ सुरू झाली. आलं, आलं, असं त्याला वाटलं, आणि ते आल्याचा आनंद काही झाला नाही.

मग सत्यशीला उठून उभी राहिली असावी, कारण आवाज वरून आला. तो वाचण्याचा आवाज नव्हता. चुलीपाशी बोलायचा, ताट वाढताना बोलायचा तो आवाज होता. "राजे, तुम्ही जसं बोल्ले तसंच म्या करून राह्यले," राणी म्हणाली. "तुमचा शब्द म्या कधी खाली पडू देल्ला न्हाई. लोकाईनं माहं नाव घेतलं, ते म्या मागितलं नव्हतं. आता तुम्ही कामून गप? येवढी मोठी फौज तुमच्या एका हाकेवर येती. मंग माह्याशीच कामून बोलत न्हाईत?" पडद्यावरचे ओठ मिटले. अंधार झाला. आणि तंबू उठला. पागोटी उडाली, बायका रडत होत्या आणि हसत होत्या, राणी आपल्यासारखं बोल्ली, राणी आपल्यातली निघाली, असं एकमेकींना सांगत होत्या. धावड्याची माणसं शिट्ट्या मारत होती. संपतच्या खांद्यावर हात पडला. भिवाचा होता. "बोल्ली रं. तू सांगितलं तसंच बराबर बोल्ली. माही दवंडी कधी कोनी खरी धरली न्हाई." आणि त्यानं हात तसाच ठेवला. एवढ्यासाठी संपत किती वर्षं गल्लीतून ओरडत गेला होता. आता ते मिळालं होतं आणि त्याचं नव्हतं. खांदा झटकावा असं त्याला वाटलं. त्यानं झटकला नाही.

गेटपाशी काकासाहेब उभे होते, आनंदानं लाल झालेले. सत्यशीला बायकांच्या घोळक्यातून सुटून येत होती, पदर डोक्यावर घेत, चेहरा नेहमीसारखाच. ती जवळ पोचायच्या आत काकासाहेबांनी विचारलं, "मंग संपत? विचारलं का घरी, भोंग्याचं?"

संपतला खरं सांगता आलं असतं. अजून विचारलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. बापाचा हात अजून खांद्यावर होता आणि त्याच हाताखाली उभा राहून तो म्हणाला, "विचारलं. न्हाई म्हन्ती ती."

"न्हाई म्हन्ती?" काकासाहेबांना ते पटलं नाही. ते सत्यशीलेकडं वळले. "काय बाई, जीपमंदी बसून भोंग्यावर बोलायचं म्हनलं तर तुम्ही न्हाई म्हनल्या? म्या तर तीन दिवसांपासून यांच्या निरोपाची वाट बघून राह्यलो."

सत्यशीलेनं संपतकडं बघितलं. फार वेळ नाही. एखादी पाटी पडद्यावर जेवढी राहते तेवढाच वेळ. तेवढ्यात तिनं सगळं वाचलं, न अडखळता, हे त्याला दिसलं. बोल, तो मनात म्हणाला, एकदा तरी आहे तसं वाच. या सगळ्यांसमोर म्हण, मला कोणी विचारलंच नाही.

"हाव," ती काकासाहेबांना म्हणाली. "म्याच न्हाई म्हणले."

परतताना भिवा पुढं चालत होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून सांगत होता. ती दोघं मागं होती. संपतला वाटलं, आता ती रडेल, निदान आता. घराचं वळण आलं तेव्हा तिनं विचारलं, "पुढच्या शुक्रवारचं काय सांगनार हायेत? आधी सांगत जा मला." फोटो अजून आले नाहीत, असं तो म्हणाला. फोटो खरंच आले नव्हते.